न दिलेल्या चिठ्ठ्या

माउंट निबो मंडळीच्या देवळाची, आमच्या चर्चची, उगवतीकडची भिंत माझ्या नवऱ्यानं बांधली. हेवुड राउंट्री त्याचं नाव, मंडळीचा मोठा डीकन, म्हणजे कारभारी. आठवडाभर सरकारी कचेऱ्यांच्या भिंती चढवायचा आणि शनिवारी फुकट देवाची. मी विटा हातात द्यायचे, पोटात सहा महिन्यांची रेनेटा. हे आधी सांगून ठेवते, म्हणजे ही म्हातारी एवढी का भांडली असं नंतर कुणी विचारायला नको.

शिक्षण माझं तिसरीपर्यंत, तेही रानात कापूस नसेल त्या महिन्यांत. साउथ कॅरोलायनातून सोळाव्या वर्षी वॉशिंग्टनला आले ती लॉन्ड्रीत इस्त्री करायला. या शहरातल्या किती मोठ्या माणसांच्या सदऱ्यांवरचे कसले कसले डाग काढले ते मला माहीत आणि देवाला. पण निबोत मी मदर राउंट्री, मंडळीची वडीलधारी आई. महिन्याच्या पहिल्या रविवारी पांढरा झगा, पांढरी टोपी, पांढरे हातमोजे, बसायला पहिला बाक. पाळक, आमचे पाद्री, सहा बदलले, माझा बाक बदलला नाही.

आमच्या गल्लीत घरं एकोणतीस. एके काळी एकोणतीसही आमची, काळ्या माणसांची, आणि त्यातली पंचवीस निबोची. कुणाच्या घरी भात करपला तर उपासनेत सगळ्यांना ठाऊक. मग लोक शेजारच्या मेरीलँड राज्यात जायला लागले. आधी गेले ते अंगण पाहिजे म्हणून. नंतर गेले ते घरपट्टी झेपेना म्हणून. शेवटचे गेले ते दारात कुणीतरी सूट घालून आला आणि कधी ऐकला नव्हता असा आकडा बोलला म्हणून. आता गल्लीत आमची घरं तीन. माझं, आंधळ्या पिंकनीचं, आणि एक कुलूप लावलेलं, त्याची पोरं कोर्टात भांडतात.

बाकीच्यांत गोरी पोरं आली. कुत्र्याला बाबागाडीत बसवून फिरवतात. मला बघून हसतात, पण माझ्या मागच्या भिंतीकडं बघून हसल्यासारखी. मागच्या घरात एल साल्वादोर देशातली चौदा माणसं. पहाटे चारला उठून हॉटेलांतली भांडी घासायला जातात. मी आधी नाक मुरडलं, मग आठवलं, मी आले तेव्हा एका खोलीत आम्ही नऊ होतो. आणि डाव्या हाताला इथिओपियाची वोइनशेत, नवरा टॅक्सी चालवतो, ही रुग्णालयात रक्त तपासते. तिची गोष्ट पुढं येईल.

मेरीलँडला गेलेली मंडळी रविवारी गाड्या घेऊन निबोत यायची. गाड्या लावायला जागा नाही, म्हणून रस्त्यावर एका रांगेला चिकटून दुसरी रांग. चाळीस वर्षं हेच चाललं. अडकलेल्या गाडीचा मालक आतच, माझ्या मागच्या बाकावर, तो कशाला ओरडेल? आता अडकणारी माणसं आत नव्हती. समोरच्या घरातल्या दाढीवाल्यानं आधी काचांवर चिठ्ठ्या लावल्या, मग फोटो काढले, मग दर रविवारी दंडाच्या पावत्या यायला लागल्या. एकदा मी टोपी घालून त्याच्या दारात गेले.

"बाळा, रविवारी सकाळी अकराला तुला जायचं असतं तरी कुठं?"

"व्यायामशाळेत, मॅडम."

"मग चालत जा. तोही व्यायामच."

तो लाजला, पण पावत्या थांबल्या नाहीत. दोन वर्षांत बाक रिकामे झाले. रविवारी जेमतेम पन्नास माणसं, त्यातली निम्मी काठी टेकत येणारी.

आता चिठ्ठीचं सांगते, कारण सगळं तिथंच अडलं. आमच्यात माणूस एका मंडळीतून दुसऱ्या मंडळीत असाच उठून जात नाही. नव्या मंडळीचा लेखनिक जुन्या मंडळीला लिहितो, अमुक बहीण आमच्याकडं आली आहे, तिची चिठ्ठी पाठवा. जुनी मंडळी चिठ्ठी देते, रजिस्टरमधलं नाव खोडते, आणि मग ती बहीण तिकडची होते. चिठ्ठी नाही आली तर ती तिकडं नुसती बसते. गाता येत नाही, मताला हात वर करता येत नाही, पाहुण्यासारखी.

आमचा लेखनिक ब्रदर क्लिओफस डार्गन. अक्षर मोत्यासारखं, कणा शेवयांसारखा. पहिलं असं पत्र आलं तेव्हा तो ते घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आला.

"मदर, गॅड्सडेनांच्या अर्लीनची चिठ्ठी मागितलीय. देऊ?"

"तिला बाप्तिस्मा कुठं दिला?"

"इथंच."

"तिच्या आईला कुठून पुरली?"

"इथूनच, मदर."

"मग तिला जायचं कसं सुचलं? ठेव ती डब्यात. सहा महिने तिकडच्या गालिच्यावर बसेल आणि येईल परत."

बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, निळा. पत्रं त्यात जात राहिली. एक पाळक आला आणि म्हणाला, हे नियमात बसत नाही. मी म्हटलं, रेव्हरंड, तुम्ही आलात कधी आणि जाल कधी, रजिस्टर राहणार आहे. तो खरंच गेला. वर्षाला एकदा सगळ्या मंडळ्यांची सभा भरायची, तिथं मी उभी राहून सांगायचे, माउंट निबो, सभासद तीनशे बारा. बाकीच्या देवळांची माणसं गळत होती, त्यांच्या म्हाताऱ्या माझ्याकडं बघत राहायच्या. ते बघणं मला गोड लागायचं. खोटं कशाला बोलू?

त्या डब्यात रेनेटाचं पत्रही होतं. माझी एकुलती एक लेक. लग्न करून नवऱ्याच्या, मार्कसच्या, मंडळीत निघाली, एकोणनव्वद साली. ती स्वतः आली होती सांगायला.

"आई, क्लिओफसकाकांना सांग ना. तिकडं गायकवृंदात मला घेतायत."

"इथं कोण गाऊ नको म्हणतंय?"

"इथं यायला मला दीड तास लागतो, पोटात बाळ आहे."

"माझ्याही पोटात होतं. तरी मी विटा उचलत होते."

तिनं परत विषय काढला नाही. मला वाटलं, समजली.

मग मागच्या वर्षी आमचे पाळक, रेव्हरंड थॅडियस किम्ब्रो, माझ्या ओसरीवर येऊन बसले. वय चाळीस, बूट चकचकीत, राहायला मेरीलँडला. म्हणाले, छपराला पैसे नाहीत, देऊळ गरम ठेवणारी भट्टी बंद पडलीय, आणि एक घरं बांधणारी कंपनी देऊळ विकत मागते आहे. त्या पैशात तिकडं सहा एकर जागा आणि तयार इमारत, गाड्यांना मोकळं मैदान.

"आणि या जागेवर काय होईल?"

"भिंती थोड्या ठेवतील म्हणतात, मदर. आत राहायची घरं करतील."

"म्हणजे प्रभुभोजनाच्या मेजाच्या जागी कुणीतरी आंघोळ करणार."

ते उठले आणि चकचकीत बूट जपत पायऱ्या उतरले.

त्या दिवशी मी वोइनशेतकडं गेले. आता हे सांगताना मला मान खाली घालावी लागते, पण सांगते. तीन वर्षांपूर्वी तीच माझ्याकडं आली होती. त्यांच्या मंडळीला जागा नव्हती, एका शाळेच्या जेवणघरात उपासना करायचे. शनिवारी आणि रविवारी पहाटे तळघर द्याल का, भाडं देऊ, छप्परही आमची माणसं दुरुस्त करतील, असं म्हणाली होती. मी तिला दारातूनच वाटेला लावलं. म्हटलं, तुमचा तो धुपाचा धूर आमच्या पडद्यांना लागेल. आणि आमचे लोक साखळदंडात आले, तुम्ही विमानात आलात, आपला देव एक असेल पण आपली भिंत एक नाही.

तिनं मला आत घेतलं. गवत पसरून, जमिनीवर शेगडी ठेवून कॉफीच्या बिया भाजत होती.

"बसा, एमामा," ती म्हणाली; त्यांच्यात म्हाताऱ्या बाईला मानानं असं म्हणतात. "तीन कप प्यायल्याशिवाय उठू देत नाही मी."

"तीन कशाला? मला झोप येणार नाही."

"तुम्ही तशाही झोपत नाही. तुमचा दिवा मला दिसतो."

तिसऱ्या कपाला मी विचारलं, "तुमच्या लोकांना जागा मिळाली का?"

"नाही."

"अजून पाहिजे?"

तिनं कप गोळा केले. दुसरी कुणी असती तर धुराची आठवण काढली असती. मी तरी काढली असती. ती म्हणाली, "थोरल्यांना विचारते." आठवड्यात त्यांच्या थोरल्यांनी लिहून दिलं: छप्पर, भट्टी, आणि महिन्याचं भाडं, वीस वर्षांच्या करारानं. देऊळ आमचंच.

आता मंडळीपुढं दोन गोष्टी होत्या. विकायचं, की वोइनशेतच्या लोकांना वाटेकरी करून राहायचं. आमच्यात पाळक ठरवत नाही, मंडळी उभी राहून ठरवते. मी माणसं मोजली. रविवारी येतात अठ्ठेचाळीस. घरोघरी गेले, गुडघा बांधून. बसनं येतात त्यांच्याबरोबर बसमध्ये बसले. पिंकनीला तर मी धमकीच दिली.

"तू आंधळा आहेस म्हणून सुटणार नाहीस. मी उभी राहिले की तुझ्या बरगडीत कोपर मारीन. उठायचं."

"मदर, तू कोपर नाही मारलंस तरी उठतो. तुझ्या हातचं जेवण मला या वर्षीही पाहिजे."

अठ्ठेचाळीसातले तेहेतीस माझे. रेव्हरंडना मी स्वतः फोन लावला. "घेऊन टाका मत."

"नियमाप्रमाणे रजिस्टरातल्या प्रत्येकाला कळवावं लागेल, मदर. वकील तसंच म्हणाले."

"कळवा की. तीनशे बाराच्या तीनशे बारांना कळवा. कळू दे सगळ्यांना."

हे माझे शब्द. दुसऱ्या कुणी माझ्या तोंडात घातले नाहीत.

शनिवारी अकराची सभा. मी साडेदहाला पांढऱ्या झग्यात पायरीवर उभी. आणि गाड्या यायला लागल्या. एक रांग, तिच्याबाहेर दुसरी, वळणाच्या पलीकडंपर्यंत. वीस वर्षांत एवढ्या गाड्या मी बघितल्या नव्हत्या. दाढीवाला दारात येऊन उभा राहिला आणि फोटो काढायचंही विसरला. माणसं उतरली, पांढरी झालेली डोकी, मोठी झालेली पोरं, नातवंडं. अर्लीन गॅड्सडेन लोण्याचा केक घेऊन आली. मला मिठीत घेतलं.

"मदर, तुम्ही तशाच आहात गं बाई! लोणच्यात घातल्यासारख्या."

"तू मात्र मुरलीस," मी म्हटलं, आणि आम्ही दोघी हसलो, आणि मला रडूही आलं. मला वाटलं, वाचवायला आलेत. घरच्या माणसांना शेवटी घर आठवलं. मी मनात वर गेलेल्या हेवुडला सांगितलंसुद्धा.

देऊळ भरलं. उभं राहायला जागा नव्हती. रेनेटा मागं, खांबाशी. मी तिला पुढं ये म्हणून हात केला, ती आली नाही.

रेव्हरंडांनी दोन्ही प्रस्ताव वाचले. मग मी बोलले. मी भाषण केलं नाही. भिंतीच्या विटा दाखवल्या, कुठली कुणाच्या बापानं आणली ते नावानिशी सांगितलं. जुनी माणसं "खरंय, खरंय" म्हणत होती. मग अर्लीन उठली. केकवाली अर्लीन.

"मदर, तुमच्यावर माझं प्रेम आहे. पण माझा भाऊ अजून इथं यायचा, त्यानं एका वर्षात अकरा पावत्या भरल्या. माझ्या नातवाला ही गल्ली माहीत नाही. तो म्हणतो, आजी, इथली माणसं आपल्याकडं चोर असल्यासारखं का बघतात? आमच्या भागात सगळे आपलेच आहेत. देऊळ माणसांजवळ असावं की विटांजवळ?"

"तुझी माणसं विटांना सोडून गेली," मी म्हटलं. "आणि तू बोलतेस कुठल्या नात्यानं? तू तिकडच्या मंडळीत जातेस तीस वर्षं. रेव्हरंड, हिला मत नाही. इथं निम्म्यांना मत नाही. ही दुसऱ्या मंडळ्यांची माणसं आहेत."

रेव्हरंडांनी क्लिओफसकडं बघितलं. "ब्रदर डार्गन, यांना चिठ्ठी दिली होती का?"

क्लिओफस उठला. त्याच्या मांडीवर तो निळा डबा होता. मला तेव्हा दिसला. त्यानं झाकण उघडलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "एकशे शहाण्णव पत्रं आली. एकाचीही चिठ्ठी गेली नाही. सगळी नावं रजिस्टरात आहेत."

"का गेली नाही?"

तो बिचारा घाम पुसत राहिला. माझं नाव घेईना. भित्रा असला तरी माझ्यावर माया होती त्याची. मीच म्हटलं, "मी देऊ नको म्हटलं होतं."

मग खांबाजवळून आवाज आला. "माझं पत्र त्यात आहे, आई. एकोणनव्वद सालचं."

रेनेटा पुढं आली नाही, तिथूनच बोलली. आवाज चढवला नाही. "मार्कसच्या मंडळीनं तीनदा लिहिलं. मग ते म्हणाले, जुन्या मंडळीनं हिला काहीतरी कारणानं अडवलं असेल. लोक कुजबुजले. मी सांगणार तरी काय होते? माझी आई सोडत नाही? सव्वीस वर्षं मी शेवटच्या बाकावर बसते. सव्वीस वर्षं मी गायले नाही. तू मला कधी विचारलंससुद्धा नाही, गातेस का."

मी विचारलं नव्हतं. लहानपणी ती गायची तेव्हा हेवुड काम थांबवायचा. आणि मला वाटत आलं होतं की ती तिकडं गातेच आहे.

रेव्हरंड हळूच म्हणाले, "चिठ्ठी दिली नाही म्हणजे ते आपले सभासद, मदर. तुम्हीच ठेवलेत."

मत झालं. विकायचं म्हणणारे उभे राहा. सगळं देऊळ उभं राहिल्याचा एकच आवाज झाला, बाकांचा आणि बुटांचा. एकशे त्रेचाळीस. रेनेटा उभी होती. राहायचं म्हणणारे उभे राहा. मी उठले. पिंकनी कोपर न मारता उठला. तेहेतीस. माझा हिशेब एकानंही चुकला नव्हता.

बाहेर पायरीशी वोइनशेत आणि त्यांचे पांढऱ्या शालीतले दोन थोरले वाट बघत होते. मेरीलँडची माणसं त्यांना ओलांडून गाड्यांकडं गेली, काहींनी मान हलवली. सांगायचं मलाच होतं.

"नाही झालं," मी म्हटलं. "माझ्यामुळं."

वोइनशेतनं थोरल्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं. ते वाकले, मला नमस्कार केला आणि निघाले. ती थांबली.

"आम्हीही तिकडंच बघतोय मग, एमामा. नवऱ्याला तिकडं घर स्वस्त पडतंय. जूनमध्ये जाऊ."

"तूही?"

"इथं आता आमचं कोण आहे?"

मी होते. पण ते म्हणायला मला तीन वर्षांपूर्वी सुचायला हवं होतं.

उन्हाळ्यात ट्रक आले. बाक गेले, घंटा गेली. हेवुडच्या भिंतीच्या विटा एका माणसानं एकेक करून सोडवल्या, चुना खरवडला आणि लाकडी पट्ट्यांवर रचल्या. जुन्या विटांना हॉटेलवाले चांगला भाव देतात, असं तो मला म्हणाला. माणूस सभ्य होता. मी ओसरीवरून त्याला पाणी नेऊन दिलं. दाढीवालाही आला. म्हणाला, "तुम्हाला वाईट वाटत असेल." मी म्हटलं, "तुझी गाडी आता निघेल ना रविवारी?" तो रडेल की काय असं मला वाटलं. मला बरं वाटलं नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी रेनेटा मला न्यायला आली. मी नाही म्हणणार होते. पण तिच्या अंगात निबोच्या नव्या गायकवृंदाचा जांभळा झगा होता, तो बघून नाही म्हणता आलं नाही. पांढरा झगा घातला, टोपी घातली, पाऊण तास गाडीत बसले. रस्त्यानं आमच्यासारखी माणसं, आमच्यासारखी घरं, मोठमोठी अंगणं. फाटकाशी पाटी होती, माउंट निबो. आत गालिचा आणि सिनेमाघरासारख्या खुर्च्या. पहिली रांग कुठली हेच कळेना, सगळं गोल होतं. दारावरच्या बाईनं मला मधे कुठंतरी बसवलं. ती मला ओळखत नव्हती.

रेनेटा गायली. एकोणसाठीला आलेला आवाज, मधे फाटत होता. पण होता. मी हातमोजा तोंडावर धरला.

मग प्रत्येक देवळात येतो तो क्षण आला. रेव्हरंड किम्ब्रो म्हणाले, आज आपल्यात जे पाहुणे असतील त्यांनी उभं राहावं, नाव सांगावं, आपली मंडळी सांगावी, म्हणजे आपण त्यांचं स्वागत करू.

एक जोडपं उठलं, बसलं. मग मी खुर्चीची पाठ धरून उठले.

"लुव्हिनिया राउंट्री. वॉशिंग्टनची. माउंट निबो मंडळी."

कुणी हसलं नाही. रेव्हरंडांचं तोंड उघडं राहिलं. "मदर, तुम्ही... तुम्ही पाहुण्या नाही." वरच्या रांगेतून रेनेटा मान हलवत होती, बस, आई, बस. माझ्या शेजारची तरुण बाई, कोण कुणास ठाऊक, सवयीनं हसून माझा हात हातात घेऊन म्हणाली, "स्वागत आहे तुमचं. परत या हं."

मी तिचा हात सोडवला नाही आणि बसलेही नाही.